माठाखालची बाटली

माझे बाबा घरात दारू लपवून ठेवायचे.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं, त्यामुळे आता सांगायला हरकत नाही. जिल्हा आपला ड्राय, म्हणजे दारूबंदीचा. कोणाला कारवाई करायचीच असेल तर त्यांनी वर जाऊन करावी.

दारू म्हणजे एकच बाटली. परदेशी रेड वाइन.

बाबा पुलगावला लष्कराच्या दारूगोळा डेपोत स्टोअर क्लार्क होते. रिटायर झाले त्या दिवशी त्यांच्या साहेबांनी ती हातात दिली आणि म्हणाले, "बाबूजी, इसे दस साल सोने दो. फिर भाभीजी के साथ बैठकर पीना."

बाबांनी उभ्या जन्मात बिअरसुद्धा घेतलेली नव्हती. पण साहेबांचा शब्द म्हणजे ऑर्डर.

अडचण भाभीजींची होती.

आई पवनारची, आश्रमाच्या गावची. तिच्या माहेरी चहासुद्धा व्यसनात धरायचे. "माह्या घरात हे नाई चालणार," एवढं बोलून ती कणीक मळायला लागली.

आणि बसण्याचं म्हणाल, तर मी आईला बसलेली फारशी पाहिलेलीच नाही. सकाळी शाळेत शिकवायची, मग स्वयंपाक, मग वह्या. बाबा आधी जेवायचे, ती नंतर. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, पण दोघं समोरासमोर बसून निवांत काही खाताहेत-पिताहेत असं चित्र माझ्या डोक्यात नाही.

बाबांना तेच हवं होतं. वाइनचं त्यांना काय कळत होतं?

मी नागपूरला बँकेत. नेटवर वाचून त्यांना फोनवर नियम सांगितले. अंधार हवा. गारवा हवा. हलवाहलव नको. आणि बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. वाळलं की हवा शिरते आणि खेळ खलास.

वाइनला म्हणे तळघर लागतं. आमच्याकडे दोन खोल्या, वर स्लॅब, आणि मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्री.

बाबांनी माठाच्या तिवईखाली लाकडी खोका ठेवला. त्यात वाळू. माठ पाझरतो, वाळू ओली राहते. त्या वाळूत बाटली आडवी पुरली. आयुष्यभर स्फोटकांना ऊन लागू न देणारा माणूस तो. खोक्याला थर्मामीटरसुद्धा टांगला होता.

आईनं ते चालवून घेतलं. वाळूत पुरलेली वस्तू घरात धरत नाहीत, असं तिचं काहीतरी लॉजिक असावं.

आठव्या वर्षी बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. वाकणं बंद. कोणी न सांगता आईनं खोक्याचं काम अंगावर घेतलं. वाळू बदलली. उन्हाळ्यात वरून ओलं गोणपाट टाकलं. हे मला फोनवर कळलं तेव्हा मी चाट पडले.

दहा वर्षं झाली. एका रविवारी आईच म्हणाली, "काढा आता तुमची ते बाटली. बसतो मी. पण मी पाणीच पिईन."

मी होते तिथे. बाबांनी नवा शर्ट घातला होता.

बूच काढायला गेले तर त्याचा भुसा झाला.

आई कौतुकानं सांगत होती, "दोन वर्षं मीच पाह्यलं तिच्याकडे. आडवी पडून होती बिचारी. उभी करून ठेवली. लोणच्याची बरणी कोणी आडवी ठेवते काय? सांडन ना!"

बाबांनी एक घोट घेतला. चेहऱ्यावर काही नाही.

"बरी राह्यली ना?" आईनं विचारलं.

"एक नंबर."

आई पाण्याचा ग्लास घेऊन पाऊण तास बसली. लग्नात बाबांच्या चपला हरवल्या होत्या ते निघालं. धाम नदीचा पूर निघाला. आई हसताना तोंडावर पदर धरते, हे मी विसरलेच होते.

नंतर स्वयंपाकघरात मी ग्लासातलं चाखून पाहिलं.

शुद्ध सिरका. कांद्यावर ओतायच्या लायकीचा.

(आई फेसबुकवर नाही. मावशी मंडळ आहे. त्यांनी कृपया हे तिच्या कानावर घालू नये.)

पुढच्या रविवारी बाबांनी फ्रिजमधून पुन्हा ती बाटली काढली. दोन बोटं ओतली. आई आली, बसली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

मला राग आला. बीपीच्या गोळ्या चालू असलेला माणूस हे काय पितोय? आई नळावर गेली तेव्हा मी म्हटलं, "बाबा, ओतून द्या. सिरका झाला तिचा."

"मले माहीत हाय."

"मंग काऊन पिऊन राह्यले?"

त्यांनी नळाकडे पाहिलं. आवाज खाली केला.

"ओतून देल्ली तर तुही आई बसन काय माह्यापाशी?"

मी ॲसिडिटीच्या गोळ्या आणून दिल्या.

दोन बोटांचं त्यांनी एक बोट केलं. तरी एक दिवस बाटली संपलीच.

त्याच्या पुढच्या रविवारी मी घरी होते. बाबा खुर्चीत बसले होते. समोर टेबल रिकामं. पेपर उघडलेला, पण वाचत नव्हते.

आई पदराला हात पुसत आली. हातात लिंबू सरबताचे दोन ग्लास.

बाबा ओशाळून म्हणाले, "अवं, संपली ते."

आई समोरची खुर्ची ओढून बसली.

"संपली तर संपली. बसायले बाटली कायले लागते?"

त्यानंतर बाबांना अकरा रविवार मिळाले. आईनं एकही चुकवला नाही.

बाबा, निवांत राहा. आठवण येते.