वळणावरची खडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. दर रविवारी ज्यांच्याबरोबर सायकल चालवतो त्या माणसांना तर नाहीच. मंदिरात हात जोडून उभा राहिलो, तेव्हा तिथंही दुसरंच काहीतरी मागून परत आलो. आता धीर आला म्हणून सांगतोय, असंही नाही. माझा धीर कधी सुटलाच नव्हता — हाच तर सगळा प्रकार आहे.

आधी रस्ता सांगतो. रस्त्यांबद्दल मला नीट बोलता येतं.

आमच्या शहरातून सकाळी सायकल काढायची, छावणी ओलांडायची, मिटमिट्यापर्यंत अंग गरम करून घ्यायचं. मग दौलताबादचा घाट. घाटात तो जुना दरवाजा लागतो, ज्यातून एका वेळी एकच गाडी जाते; तिथं एसटी समोर आली तर आपण कडेला पाय टेकवायचा. वर कागजीपुरा, मग खुलताबाद. डोंगरावरचं लहानसं गाव — दर्गे, भद्रा मारुती, चहाच्या टपऱ्या, आणि शहरापेक्षा बऱ्यापैकी गार वारा. तिथून एक रस्ता खाली वेरुळला उतरतो, एक सुलीभंजनला जातो आणि एक म्हैसमाळला चढतो. म्हैसमाळचा चढ शेवटी शेवटी माणसाची लायकी काढतो. माझी काढली.

औरंगपुऱ्यात माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. मी मुळात कमी बोलणारा. आमच्या सायकलवाल्या मंडळींत मी सगळ्यात जुना, म्हणून मला कॅप्टन म्हणतात. लोक गमतीनं म्हणायचे, मी मात्र ते मनावर घेतलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कुणीतरी कॅप्टन म्हणतं, हे काय कमी असतं?

भागवतला मीच आणलं. पंख्याचा कंडेन्सर न्यायला दुकानात आला होता. मागं भिंतीला टांगलेली माझी सायकल बघून म्हणाला, "एका हातानं उचलती का हो ही?" उचलून बघितली आणि पोरासारखा हसला. मूळचा देवगाव रंगारीचा, घरी शेती, स्वतः शहरात एका शाळेत मराठी शिकवायचा. त्याला सायकल मी निवडून दिली. गिअर कधी टाकायचा, ब्रेक कधी सोडायचा, सगळं मी शिकवलं.

आणि इशारा शिकवला. तुम्ही सायकल चालवत नसाल तर हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. आम्ही एकामागं एक चालवतो, चाकाला चाक लावून. मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. त्यामुळं रस्त्यात खड्डा असो, खडी असो, पुढच्यानं त्या बाजूचा हात खाली करून बोट दाखवायचं. तो हात बघून मागच्यानं त्याच्या मागच्याला. पुढच्याचे डोळे सगळ्यांचे. भागवतला पहिल्याच दिवशी मी म्हणालो होतो — रस्ता बघू नकोस, माझा हात बघ.

त्यानं ते मानलं. मास्तर असून असा विद्यार्थी मी बघितला नाही.

वर्षभरात तो मला चढावर मागं टाकायला लागला. हे मी सहन केलं असतं — खरंच केलं असतं का? माहीत नाही. पण तो नुसता पुढं जायचा नाही, तो बोलायचा. घाटात आमचा श्वास तुटत असायचा आणि हा गोष्टी सांगत चढायचा. "आमच्या गावात एक पोरगं म्हशीवर बसून शाळंत आलं. गुर्जी म्हणले, म्हैस बाहेर बांध. तर म्हणतं, गुर्जी, शिकायचं हिलाच हाय, मी नुसता सोडाय आलोय." माणसं हसून हसून सायकलवरून पडायच्या बेतात यायची. इरफान — गुलमंडीत त्याचं कापडाचं दुकान आहे, तोवर तो माझा जुना दोस्त होता — तो आता भागवतच्या शेजारून चालवायचा. चहाच्या टपरीवर माझ्याभोवती जी खुर्च्यांची अर्धगोल मांडणी व्हायची, ती हळूहळू सरकत त्याच्याकडं गेली. एवढीच गोष्ट. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही. मी पुष्कळ शोधलं.

त्या रविवारी आम्ही म्हैसमाळला गेलो. शेवटच्या चढावर मी मागं पडलो, एकटाच. बाकीचे वर दिसेनासे झाले. एका वळणावर एक डंपर खाली उतरत आला आणि वळताना त्याच्या मागच्या फळीतून खडी सांडली. उतरणाऱ्या बाजूला, ऐन वळणात, अंथरल्यासारखी. मी थांबून बघितली. वर गेल्यावर सांगायला पाहिजे, हे वाक्य माझ्या मनात अख्खं तयार झालं. हे मी विसरलो नव्हतो. पुढं जे झालं त्यात विसरण्याचा काही भाग नाही.

वर पोचलो तर भागवत माझी नक्कल करत होता. गुडघे वाकवून, हवेत पॅडल मारत, धापा टाकत — "तुम्ही व्हा पुढं... मी... मी जरा फोटो काढत हुतो..." मी दर वेळी हेच सांगायचो, खरंय. इरफानच्या नाकातून चहा आला. मला बघून भागवत म्हणाला, "कॅप्टनसाहेब, पुढल्या टायमाला दोरी आणतो. बैलाला नाय का लावत?" सगळे हसले. मीही हसलो. मग त्यानं एक कप माझ्या हातात दिला. कमी साखरेचा. माझा चहा त्यानं आधीच सांगून ठेवला होता.

तो चहा पीत मी खडीबद्दल गप्प बसलो.

उतरताना पुढं मी. उतारावर कॅप्टननंच पुढं राहायचं, हा नियम माझाच. माझ्या मागं भागवत, त्याच्या बराच मागं इरफान आणि बाकीचे. ते वळण जवळ यायला लागलं. डावा हात खाली करायला किती वेळ लागतो? हात हँडलवरच राहिला. नुसता राहिला नाही — मी तो धरून ठेवला. आणि मग मी डोंगराच्या कडेला सरकलो. पुढचा असा बाजूला झाला, की आमच्यात त्याचा अर्थ एकच होतो: जा, वाट मोकळी आहे.

म्हणजे मी इशारा केला नाही, हेही खरं नाही. मी केला.

तो माझ्या शेजारून पुढं गेला. जाता जाता काहीतरी बोलला. वाऱ्यात ऐकू आलं नाही. बहुतेक विनोदच असणार. त्याच्या धड आवाजातलं ते शेवटचं वाक्य आणि ते मला माहीत नाही. खडीवर चाक सुटलं त्याचा आवाज अगदी थोडा झाला, सुपातून तांदूळ सांडावेत तसा. मग तो तोंडावर कठड्याच्या दगडाला जाऊन आदळला.

तुम्हाला वाटेल, मी हादरलो. मी ब्रेक दाबला आणि माझ्या मनात जे पहिले शब्द आले ते हे होते — आता हस.

जबडा तीन ठिकाणी तुटला होता. डोक्याला मार. जीप थांबवून शहरात आणलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर इरफान माझ्याजवळ बसला. त्याच्या जर्सीवर भागवतचं रक्त होतं. म्हणाला, "भाई, इशारा तर केला होता ना?"

"केला होता," मी म्हणालो. "त्यानं बघितलं नाही."

इरफाननं मान हलवली. त्यानं मला पुन्हा कधी विचारलं नाही.

भागवतला तो दिवस आठवत नाही. दवाखान्यातला दिवा आठवतो, त्याच्या आधीचं सगळं पुसलंय. त्या पुसलेल्या जागी काय ठेवायचं, ते मी ठरवलं. त्याचे दात तारांनी बांधलेले होते तेव्हा मी भेटायला गेलो. सफरचंदं घेऊन गेलो — जबडा बांधलेल्या माणसाला. त्याची बायको, सुनंदावहिनी, माझ्यासमोर त्याच्यावर चिडल्या. "हजारदा सांगितलं, दमानं चालवत जा. भाऊजींनी इशारा करूनबी बघितलं नाय तुम्ही." भागवतनं माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"जाऊ द्या वहिनी," मी म्हणालो. "होतं असं एखाद्या वेळी."

मी त्याला माफ केलं. समजतंय का तुम्हाला? मी, त्याला.

जबडा जुळला, पण वाकडा. जीभ जड झाली. बोलतो, पण शब्द एकमेकांत मिसळतात. मराठी शिकवणारा माणूस — पोरं वर्गात मागं हसायला लागली, तेव्हा शाळेनं त्याला ग्रंथालयात बसवलं. घरात वहिनी भाकरी दुधात कुस्करून देतात. विनोद अजून सांगतो. शेवट कुणाला कळत नाही. माणसं अंदाजानं हसतात, कधी जरा लवकर, कधी उशिरा. त्याला ते कळतं. सायकल त्यानं विकली. त्यानंतरच्या रविवारी म्हैसमाळला मी पहिला पोचलो, आणि मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

तेव्हापासून नवीन माणूस आला, की इशारे मीच शिकवतो. उदाहरण भागवतचं देतो.

गेल्या रविवारी तो स्कूटीवर खुलताबादला आला. बऱ्याच वर्षांनी. आम्ही टपरीवर होतो, दोन-तीन नवीन पोरंपोरी होती. इरफाननं उठून त्याला जागा दिली. नव्यांपैकी एकीनं विचारलं, काका, तुम्ही पण चालवायचा का? भागवत खुलला. सांगायला लागला — म्हैसमाळ, उतार, वळण. पोरं वाकून ऐकत होती, कुणाला काही कळत नव्हतं. त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात लाळ आली, ती त्यानं रुमालानं टिपली. मग तो माझ्याकडं वळला. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचं बोलणं मला कळतं.

"सांगा ना यांना, कॅप्टनसाहेब," तो म्हणाला.

पोरं माझ्याकडं बघायला लागली. इरफानही.

"तो म्हणतोय," मी म्हणालो, "चूक त्याची होती. मी इशारा केला होता, त्यानं बघितलं नाही."

भागवतनं जोरजोरानं मान डोलावली. कुणीतरी नीट सांगितलं, याचं त्याला समाधान झालं. माझ्या पाठीवर त्यानं थाप मारली. मी त्याच्यासाठी चहा सांगितला आणि तो बशीत ओतून दिला, कारण कप त्याला धड लावता येत नाही.

तुम्हाला हे सांगून काही फिटलेलं नाही, हे मला कळतं. भागवतला, सुनंदावहिनींच्या आणि इरफानच्या समोर, मला एवढं सांगायचं आहे: खडी मी आधी बघितली होती, इशारा मी केला नाही, वाट मी मुद्दाम दिली, आणि तुझी चूक नव्हती. ते अजून सांगितलेलं नाही.