खातं काढा, असं लिहिलं होतं

अक्कांनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगते. काय झालं ते मागून. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, ही पोरगी आपल्या हुशारीनं सुटली. हुशारीनं मी अडकले होते.

अक्का म्हणजे बेंगळूरच्या येलहंक्यात माझ्या खोलीच्या पुढच्या घरात राहणाऱ्या बाई. त्यांचं घराणं इथं किती पिढ्यांपासून आहे ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण ती त्यांचीच मराठी, मध्येमध्ये कन्नड पेरलेली. मी चिकोडीकडची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. इथं आले तेव्हा होसकोट्याला एका कारखान्यात खोकी बांधायचं काम करत होते. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी आईशी फोनवर बोलत होते, ते अक्कांनी ऐकलं आणि विचारलं, "लिहिता येतं का गं तुला असं?" म्हटलं, येतं. त्या एका गेम काढणाऱ्या कंपनीत होत्या. तिथं मराठीत तक्रारी लिहिणारे खेळाडू वाढले होते आणि त्यांना उत्तर देणारं माणूस हवं होतं. दहावी नाही म्हटल्यावर साहेबांनी तोंड वाकडं केलं. अक्का म्हणाल्या, मराठी वाचायला दहावी कशाला लागते? त्यांच्या शब्दावर मला घेतलं.

कामाला बसण्याआधी तीन दिवस एकच गोष्ट शिकवली. समोरच्या पडद्यावर लोकांची नावं, फोन नंबर, मुलांची वयं दिसतील, ती पडद्यावरच राहिली पाहिजेत. मोबाइल बाहेर कपाटात. कागद नाही, पेन नाही. टेबलावर पाण्याची बाटली चालते, तीही पारदर्शक. मला हे सगळं जरा अतीच वाटायचं. गेम तर खेळतात लोक, त्यात लपवायचं काय एवढं?

एक दिवस एका वडिलांचा मेल आला. "मुलीच्या गेमचं खातं काढायचं आहे. पासवर्ड आठवत नाही. लवकर काढून द्या." मराठी मजकुराखाली यंत्रानं केलेलं इंग्रजी भाषांतर येतं, त्यात होतं 'रिमूव्ह'. मीही तेच धरलं. बाप माणूस, मुलीचा गेम बंदच करायला सांगणार, असं माझ्या मनानं आधीच ठरवलेलं. माहिती पुसायच्या यादीत टाकून दिलं. खात्री करून घ्यायचा मेल इंग्रजीत जातो. त्यांनी त्यातलं 'येस' दाबलं.

पुढच्या आठवड्यात बुधवारी दुसरा मेल आला. "खातं अजून निघालं नाही. परीक्षा संपली, मुलगी रोज विचारते. तिनं आणि तिच्या मामेबहिणीनं दोन वर्षं बांधलेलं गाव आहे त्यात."

मी पहिला मेल परत उघडून वाचला. आमच्याकडेही बँकेत खातं काढायचं म्हणजे उघडायचंच असतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेपुरतं त्यांनी कुलूप घातलं होतं आणि आता ते उघडून मागत होते. यादी बघितली. शुक्रवारी संध्याकाळी त्या मुलीचं सगळं पुसलं जाणार होतं, गाव, दोघी बहिणींचे निरोप, सगळं. आणि एकदा पुसलं की कंपनीलाही परत आणता येत नाही. त्यासाठीच तर पुसतात.

ते थांबवायचा अधिकार मला नव्हता. वरिष्ठांना सांगावं लागणार होतं. पण सांगितलं की पहिला प्रश्न येणार, शिक्षण किती? मी स्वतःलाच समजावलं, आधी त्यांना नीट विचारू, मग बघू. पडद्यावर त्यांचा नंबर होता. पेन नव्हतं. मी पाढे पाठ करायचे तसा तो नंबर पाठ केला, जेवायच्या सुट्टीत कपाटातून मोबाइल काढला आणि रस्त्यावर जाऊन लावला.

"काका, तुमच्या मुलीच्या गेमबद्दल बोलायचं होतं. तुम्ही खातं काढा म्हणालात ते उघडायचं की पुसायचं?"

"कोण बोलतंय?"

"कंपनीतून."

"कंपनीचा असा साधा मोबाइल नंबर असतो होय? आणि मला मुलगी आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"मी मराठीच आहे हो काका."

"असाल की! आता मराठीत पण फसवायला लागले. ओटीपी मागणार ना? मागा, मागा."

फोन कट. परत लावला, उचलला नाही.

गुरुवारी सकाळी अक्कांनी मला वरच्या मजल्यावर बोलावलं. लोकांच्या माहितीचं काही बरंवाईट झालं तर ती तक्रार अक्कांकडे जाते, ते बघणं त्यांचंच काम. अक्कांना देवनागरी वाचायची सवय नव्हती, शाळा सगळी कन्नडमध्ये झालेली. यंत्राच्या भाषांतरावर त्यांचा विश्वास नव्हता. मराठी पत्र आलं की त्या मलाच हाक मारायच्या.

"बस. स्वल्प हळू वाच, मला लिहून घ्यायचंय."

पडद्यावर त्याच वडिलांची तक्रार होती. मी वाचायला लागले. "काल दुपारी मला एका बाईचा फोन आला. तिला माझ्या मुलीबद्दल माहीत होतं. आम्ही फक्त तुमच्या कंपनीला आमचा नंबर दिला होता. मुलगी घाबरली आहे. घरचा पत्ता पण त्या बाईकडे असेल का, असं विचारते."

मी थांबले. मला वाटलं होतं, मी तिचं गाव वाचवायला फोन केला. आणि ती तिकडं दाराची कडी बघत बसली होती.

"पुढं?" अक्का.

पुढच्या ओळीत फोन आलेला नंबर होता. ती ओळ गाळता आली असती. अक्कांना कळलंही नसतं, निदान तेव्हा तरी. खोटं सांगत नाही, मी क्षणभर त्याखालच्या ओळीवर नजर टाकलीसुद्धा. मग मी आकडे वाचले. अक्का लिहीत होत्या, निम्म्यावर त्यांचा हात थांबला.

"हा तुझा नंबर अल्वा? तुझाच ना?"

"हो अक्का."

मग मी सगळं सांगितलं. काढा, उघडा, पुसा, पाढ्यासारखा पाठ केलेला नंबर. त्यांनी आधी यंत्रणेत जाऊन ते पुसणं थांबवलं. मगच माझ्याकडं वळल्या.

"शहाणे! पेन नाही दिलं तर डोक्यात लिहून घेऊन गेलीस?"

"चांगल्यासाठी केलं हो."

"ते त्या पोरीला जाऊन सांग. तिला काय दिसलं? नंबर तुझा नव्हता गं. त्यांनी कंपनीला दिलेला, एका कामासाठी."

मला रडू आलं. म्हटलं, "तुम्हीच मला इथं आणलंत. तुमचं नाव येईल. मीच सोडून जाते."

"येऊ दे नाव. मी हे लपवणार नाही, ते मला जमत नाही. पण तू एकटी जाऊ नकोस तिकडं. सरी, ठीक आहे, तोंड धू आधी."

दुपारी साहेबांसमोर मी बसले आणि शेजारी खुर्ची ओढून अक्का बसल्या. शिक्षणाचा विषय निघालाच. अक्का म्हणाल्या, "तिची चूक नंबर नेण्याची आहे, नववीची नाही. शब्दाची चूक यंत्रानंही केली, ते तर सगळं शिकलेलं आहे. आणि त्या माणसाला खात्रीचा मेल आपण इंग्रजीत का पाठवला?"

मला लेखी ताकीद मिळाली आणि दोन महिने खेळाडूंची माहिती दिसणाऱ्या पडद्यापासून दूर ठेवलं. माझी शिफारस केली म्हणून अक्कांच्या नावावरही एक शेरा लागला. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीतला पहिला. त्यांनी ते मला सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. खात्रीचा मेल आता मराठीतही जातो आणि त्यात सरळ विचारलेलं असतं, उघडायचं आहे की कायमचं पुसायचं आहे.

त्या वडिलांना कंपनीनं खरं ते कळवलं. फोन आमच्याच माणसानं केला, करायला नको होता, पत्ता कुणीही बाहेर नेलेला नाही, माफ करा. ते पत्र मराठीत मीच लिहिलं, अक्कांनी एकेक वाक्य माझ्याकडून वाचून घेऊन तपासलं. चार दिवसांनी उत्तर आलं. "खातं निघालं. मुलगी आता बरी आहे. पण पुन्हा असं कुणाला करू नका."

मी पुन्हा कुणाला केलेलं नाही. रात्रंदिवस धास्ती असते, ती गेलेली नाही, जाऊ नये असंही वाटतं. अक्कांचं हे ऋण कसं फेडायचं ते मला अजून सापडलेलं नाही. साडी घेऊन गेले तर "कुणी सांगितलं?" म्हणून परत पाठवली. पण अक्का, तो शेरा माझ्यामुळे लागला आहे. एक दिवस मी त्या कंपनीत अशी कामाची होईन की तुमच्या शिफारशीकडे बोट दाखवून लोक म्हणतील, ही यांनी आणली. तो शेरा मी माझ्या कामानं पुसून देणार आहे. हे मी लिहून देते.