दृष्ट लागू नये म्हणून

माझ्या मुलीचं कौतुक मी चारचौघांत कधी केलं नाही. आमच्या कोकणातल्या घरात तशी रीतच होती. "आपल्या पोराक आपणच चांगला म्हणूचा नाय, दिष्ट लागता," असं आई म्हणायची. म्हणून मुद्दाम नावं ठेवायची. आईने मला ठेवली, मी मुलीला.

सातवीत तिला वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं. घाटकोपरच्या आमच्या खोलीत शेजारी पेढे खायला जमले, तेव्हा मी म्हणालो, "घरात हिच्या तोंडून शब्द फुटत नाही. परीक्षक झोपले असतील." सगळे हसले. तीही हसली, मान खाली घालून. मला तो विनय वाटला. पोरगी डोक्यावर बसणार नाही, याचं समाधानही वाटलं.

साखरपुड्यात व्याह्यांपुढे हात जोडले. "हिला काही येत नाही, सांभाळून घ्या." मुलीचा बाप असंच बोलतो. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती तेव्हा आठ माणसांचं काम बघत होती. ते मी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मुलुंडला तिच्याकडे जेवायला गेलो. जावयाचे दोन मित्रही आले होते. वाढता वाढता विषय निघाला.

"हिला अख्ख्या लॅबची इन्चार्ज करतायत," जावई म्हणाला. "म्हटलं, वेड लागलंय का त्यांना? हिच्या हातात दिली तर वाट लागली ना!"

मित्र हसले. मुलगीही हसली. मान खाली घालून.

हातातला घास मी ताटात ठेवला. "असं बोलू नये."

"अहो पप्पा, तुम्हीच तर सांगितलं होतं, हिला काही येत नाही म्हणून!"

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं.

मुलगी आत गेली, तिच्या मागे मीही स्वयंपाकघरात गेलो. "घे ती जागा. तू हुशार आहेस गं. पहिल्यापासून होतीस."

ती बघतच राहिली. "पप्पा, बीपीची गोळी घेतलीत ना?"

"खरं सांगतोय मी."

"मी सोमवारीच नाही म्हणून कळवलं. ह्यांनी सांगितलं म्हणून नाही हां. मलाच वाटलं, नाही जमणार."

जावयाला दोष द्यायची माझी शेवटची सोयही तिने काढून घेतली. नवऱ्याने तिला काही नवीन शिकवलं नव्हतं. ती माझ्याकडून सगळं शिकूनच गेली होती.

निघताना तिने मालवणी वड्यांचा डबा हातात दिला. "नीट फुगले नाहीत. सांभाळून घ्या."

घरी येऊन खाल्ले. इतके चांगले वडे आईच्या हातचेही मला आठवत नाहीत. लगेच फोन करून तसं सांगितलं.

"काहीतरीच," ती म्हणाली आणि हसली. मान खाली गेली असणार.