टोकवाडीचा भोंगा

खंडेराव हवालदार फौजेतून घरी आले ते एक निळी टोपी आणि एक खूळ घेऊन. टोपी शांतिसेनेची होती. नोकरीच्या शेवटी त्यांची पलटण आफ्रिकेत गेली होती. तिथं एका अंगाला नेपाळी, दुसऱ्या अंगाला बांगलादेशी आणि टेकडीपलीकडे चक्क पाकिस्तानी, सगळे एकाच रंगाची टोपी घालून राहत. एकदा खंडेरावांच्या तीन गाड्या बंडखोरांच्या घेऱ्यात सापडल्या. वाचायची आशा सोडलेली, आणि धावून आले ते बांगलादेशी. ना नात्याचे, ना गोत्याचे. त्या दिवशी खंडेरावांच्या डोक्यात जे शिरलं ते पुन्हा निघालं नाही: शेजारच्या मित्रदेशांनी मिळून एकच फौज उभी करावी.

पिंपळगाव बसवंतच्या आतल्या बाजूला त्यांचं गाव, निंबाळखेडे. द्राक्षबागांचं, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेलं आणि दुसऱ्याची टर उडवायला सदा रिकामं. गावानं त्यांचं नाव ‘युनोआबा’ ठेवून टाकलं. खंडेराव चिडत नसत. देवळाच्या ओट्यावर बसून ते दहा वेळा तोच हिशेब मांडत. दहा देशांच्या दहा फौजा एकमेकींकडे बंदुका रोखून बसतात, त्यापेक्षा एकच ठेवा. लहान देशाला आधार, मोठ्याला लगाम. निवृत्त मास्तर यज्ञेश्वर गुरुजी तेवढे तावातावानं भांडत. ते विचारत, स्वतःच्या घराला आग लागली असताना तुमचा शिपाई शेजारच्याची विझवायला जाईल का? खंडेराव म्हणत, शब्द दिला असेल तर जाईल. गुरुजी हसत आणि तपकीर ओढत. मला विचाराल तर गुरुजींचा तो हसण्याचा सूर कुणालाही चीड आणणारा होता.

दोन वर्षांपूर्वी खंडेरावांना आपलं खूळ खरं करून दाखवायची संधी मिळाली. पाटाला आवर्तन, म्हणजे धरणाच्या पाण्याची पाळी, सुटलं की वरच्या अंगाचे बडे बागायतदार पाटात पाइप टाकून पाणी ओढून घेत आणि खालच्या गावांना पाणी नेणाऱ्या चाऱ्यांची गेटं बंद पाडत. खाली तीन गावं होती: माथेगाव, निंबाळखेडे आणि अगदी शेवटी टोकवाडी. टोकवाडी म्हणजे चाळीस उंबरे. पाटाला पाणी आलं तरच त्यांच्या पिण्याच्या विहिरीला पाझर. एकेकट्यानं भांडून तिन्ही गावं दमली होती. खंडेरावांनी त्यांना एकत्र बसवलं आणि तिघांची मिळून एक राखण उभी केली. प्रत्येक गावाची दहा माणसं, गळ्यात शिट्टी, हातात काठी. नियम एकच. ज्या गावावर पाइपवाले येतील त्यानं देवळाचा भोंगा वाजवायचा. बाकीच्या दोघांनी हातातलं काम टाकून निघायचं.

नुसत्या बोलण्यावर टोकवाडी तयार होईना. त्यांचा पुढारी फकिरा. मोजकं बोलणारा, मेंढ्या राखून वाढलेला. तो म्हणाला, आम्ही बारके, आमच्यासाठी कोण येतंय. तेव्हा खंडोबाच्या देवळात बेल-भंडार उचलून शपथ घ्यायचं ठरलं. टोकवाडीच्या चाळीसही घरांतला एकेक जण गाभाऱ्यापुढे आला आणि त्यानं हळदीचा भंडारा हातात घेतला. निंबाळखेड्याच्या वतीनं मात्र एकट्या खंडेरावांनीच उचलला. गावातल्या वडीलधाऱ्यानं उचलला की गावानं उचलला, अशीच रीत चालत आलेली. त्यात काही चुकतंय असं त्यांच्या मनातही आलं नाही.

आणि राखण चालली, अगदी झकास चालली. त्या दोन वर्षांत निंबाळखेड्याचा भोंगा तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा टोकवाडीची माणसं सगळ्यांच्या आधी हजर. एकदा तर झटापटीत फकिराचं कपाळ फुटलं, सहा टाके पडले. खंडेराव दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिले. घरी येऊन त्यांनी यज्ञेश्वर गुरुजींना मुद्दाम गाठलं आणि ते सहा टाके वर्णन करून ऐकवले. या वेळी गुरुजी हसले नाहीत; तपकिरीची डबी त्यांनी न उघडताच खिशात टाकली. खंडेरावांना वाटलं, आपलं आयुष्य सार्थकी लागलं.

यंदा एप्रिलमध्ये, द्राक्षवेलींची खरड छाटणी उरकून बागा पाण्याला आसुसलेल्या असताना, भर दुपारी भोंगा वाजला. टोकवाडीचा. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

खंडेराव जेवत होते. ताट तसंच सारून ते उठले, काठी घेतली, रस्त्यात उभं राहून शिट्टी फुंकली. कुणी आलं नाही. पुन्हा फुंकली. शेवटी ते पाणीवापर संस्थेच्या खोलीवर गेले. राखणीतली दहाही माणसं तिथं पंख्याखाली बसलेली होती, मधोमध त्यांचा मुलगा दीपक, संस्थेचा अध्यक्ष. बाहेर भोंगा चालूच होता आणि आत सगळे मोबाइलात पाहत होते.

“आबा, बसा,” दीपक म्हणाला. “आपलं बोलणं झालंय वरच्यांशी. यंदा ते आपल्या पाण्याला हात लावणार नाय. उलट दोन दिवस जास्त पाणी सोडतील. आपण फक्त आज घरी राहायचं.”

खंडेरावांनी विचारलं, आणि टोकवाडीचं काय? दीपक म्हणाला, त्यांना टँकर मिळतो, सरकार देतं. चाळीस घरांसाठी चारशे बागा वाळवायच्या का? खंडेरावांचा आवाज चढला. त्यांनी फकिराच्या टाक्यांची, शपथेची आठवण दिली. तेव्हा दीपकनं मान वर केली. बापाशी तो कधी उद्धट बोलला नव्हता, आताही बोलला नाही. समजूत घालावी तसं म्हणाला,

“बेल-भंडार तुम्ही उचलला, आबा. गावानं कुठं उचलला?”

दहातल्या एकानंही डोकं वर केलं नाही. ज्यांना त्यांनी रांगेत उभं राहायला शिकवलं, ज्यांच्या लग्नात ते अक्षता टाकायला उभे राहिले, त्यांनी केसानं गळा कापला होता, आणि तो केस पोटच्या पोरानं धरला होता. खंडेराव बाहेर आले. मोपेड काढली आणि पासष्टाव्या वर्षी एकटेच निघाले.

तीन किलोमीटर म्हणजे फार नव्हे, पण भोंगा वाटेतच बंद झाला. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. टोकवाडीच्या चारीच्या गेटचं कुलूप तोडलेलं, पाणी अडवायला गेट पुरतं खाली पाडून वर दगड रचलेले. वरच्यांचे दोन ट्रॅक्टर धुरळा उडवत परत निघालेले. माथेगावची दहाही माणसं आली होती. एक जण सुजलेला हात धरून बांधावर बसला होता. टोकवाडीची दहा धरून एवढ्या वीसजणांनी वरच्यांच्या पन्नास माणसांपुढे काय करायचं.

फकिरा पुढे आला. त्यानं खंडेरावांच्या मागच्या रस्त्यावर बराच वेळ पाहिलं.

“मागं किती जण हायेत, हवालदार?”

“मीच हाय,” खंडेराव म्हणाले.

फकिरा शिव्या देईल, अंगावर येईल असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, “सकाळीच वरच्यांनी निरोप धाडला होता. निंबाळखेडं येणार नाय, उगं डोकी फोडून घेऊ नका म्हणून. आमची पोरं भ्याली. म्या त्यांना सांगितलं, खोटं हाय ते. हवालदारानं भंडारा उचललाय.”

 मला फसवलं, असं खंडेरावांना सांगावंसं वाटलं. पण टोकवाडीच्या लेखी फसवणारे तेच होते, आणि ते खोटं कुठं होतं? ते चारीत उतरले आणि गेटवरचे दगड उचलायला लागले. एक, दुसरा. तिसऱ्याला दम लागला. माथेगावच्या माणसांनी तोंडं फिरवली. फकिरानं येऊन त्यांच्या हातातला दगड काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

“राहू द्या,” तो म्हणाला. “तुम्ही जा आता घरी. तुमच्याकडं पाणी आलं असंल.”