वटवाघळाचे कान घेऊन खाप्याला

"वटवाघळासारखं ऐकणारं यंत्र? मुलींनी प्रकल्पाला सोपं काहीतरी घ्यावं," असं आमचे विभागप्रमुख म्हणाले आणि त्याच रविवारी मी नागपूरहून खाप्याला निघाले. साल १९८५, अभियांत्रिकीचं शेवटचं वर्ष. डोक्यात संताप आणि मांडीवर माझी लाकडी डबी. ती माणसाला ऐकू न येणारा आवाज पुढे सोडायची, तो आपटून परत यायला लागलेला वेळ मोजायची आणि अडथळा जवळ आला की इयरफोनमधली टिकटिक वाढवायची. हा सगळा खटाटोप कमलमावशीसाठी. ती जन्मांध. एकदा गटारात पडली, तेव्हापासून मामांनी तिचं एकटीनं बाहेर जाणंच बंद केलं होतं.

तुम्ही एसटीनं जाणार असाल तर सावनेरला उतरून तर्रीपोहे खा, पण नाक पुसायला रुमाल ठेवा. पुढचा रस्ता तेव्हा इतका खड्ड्यांचा होता की मी डबी पोटाशी धरून बसले होते.

दुपारी मावशीला कन्हान नदीच्या वाटेवर नेलं. जरा चालली आणि तिनं इयरफोन उपटून काढला.

"काहून वं मावशी?"

"मांगून सायकल येऊन राहिली होती, मले ऐकूच नाही आली! माह्या कानाले आपलं काम आहे पोरी. तुह्या डबीनं तेच बुजवले."

मी हिरमुसले. "मग सांगू कुठं तुला?"

काठी एका हातात होती. तिनं दुसरा पुढे केला. "हा रिकामाच आहे."

संध्याकाळी मोडक्या खेळण्यातली विजेवरची मोटार काढून तिच्या फिरत्या दांडीवर वाकडा खिळा बसवला आणि ती डबीला जोडली. टिकटिकीच्या जागी तळहातात थरथर.

सकाळी मामा दारात उभे. "एकटी नको जाऊ. मी येतो."

"बाजूले हो गा. मी बाजारात वांगे आणाले चालली."

माझा चहा थंड झाला. मामा तर उंबऱ्यावरून हलले नाहीत. मावशी परतली ती वांगी, कोथिंबीर आणि भाजीवालीशी झालेलं ताजं भांडण घेऊन. मला रडूच आलं.

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या घरी परतले ती रिकाम्या हातांनी. तोंडी परीक्षेत मी नुसता यंत्राचा आराखडा मांडला. विभागाच्या नियमानुसार दाखवलेलं यंत्र कायमचं कपाटात जमा करावं लागे, म्हणून ते आणलंच नव्हतं. गुण कापले जाणार हे दिसत होतं, आणि कापले गेलेही. आजही त्याचं मला काही वाटत नाही.

"यंत्र कुठाय?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"बाजारात गेलंय, सर."