अलकनंदाला कोणती भाषा हवी होती

एकोणीसशे सत्त्याण्णव साली घशाच्या शस्त्रक्रियेनंतर अलकनंदाचा आवाज कायमचा गेला. चेन्नईत वेस्ट मांबलमच्या एका शाळेत ती कित्येक वर्षं गणित शिकवत होती. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही; घरात ती आणि धाकटा भाऊ एकोजी. शाळेने ग्रंथालयात बसवायची तयारी दाखवली, पण तिने नकार दिला. समोर मुलं असताना गप्प राहणं तिला सोसलं नसतं.

"अक्का, कॉम्प्युटर शीक," एकोजी म्हणाला. "तिथं तोंडाचं काम नाही, डोक्याचं आहे."

दोघं कॉम्प्युटरच्या क्लासांत चौकशीला गेले. पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कोणती शिकू, असं ती कागदावर लिहून दाखवी. एकाने सी सांगितली, दुसऱ्याने कोबॉल, तिसऱ्याने जावा. जो जे शिकवत होता तेच त्याला श्रेष्ठ वाटत होतं. शिवाय प्रश्न तिचा, पण उत्तर सगळे एकोजीकडे बघून देत.

मैलापूरला नुकतंच एक इंटरनेट सेंटर निघालं होतं. जगभरचे लोक जिथे उघडपणे प्रश्नोत्तरं लिहितात, अशा एका न्यूजग्रुपवर अलकनंदाने तोच प्रश्न टाकला. दोन दिवसांनी पाहते तर उत्तरांचा ढीग, आणि त्यात नुसती भांडणं! त्या गदारोळात न्यूझीलंडच्या मार्गरेट नावाच्या बाईंचं उत्तर होतं.

"मी आयुष्यभर सी वापरली आहे. माझा कल तिकडेच जाणार, हे धरूनच माझं वाचा. पण आधी सांगा, तुम्हाला करायचंय काय?"

अलकनंदाने तो प्रश्न पुन्हा वाचला. आजारपणापासून सगळे तब्येत विचारत होते. हे कुणी विचारलंच नव्हतं. तिने भरभरून लिहिलं. इथे सगळेच टाइप करत होते, तिच्यासाठी कुणी खोळंबत नव्हतं. छोट्या कारखान्यांची रोजची कामं सोपी करणारे प्रोग्रॅम लिहायचेत, आणि लवकर कामाला लागायचंय, असं तिने कळवलं.

"मग माझी लाडकी सी आज तुमच्या कामाची नाही," मार्गरेटबाईंनी लिहिलं. "व्हिज्युअल बेसिक बघा. पण माझ्यावरही विसंबू नका. एकच काम दोन्हींत करून पाहा."

एकोजी अंबत्तूरच्या एका कारखान्यात नोकरीला होता. तिथले मालक राममूर्ती यांनी शनिवारी दुपारी कॉम्प्युटर वापरू दिला. पुस्तकं उघडून अलकनंदाने वर्गाच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम दोन्ही भाषांत लिहिला. सीमध्ये हिशेब जमला, पण पडद्यावर नीट मांडता मांडता ती मेटाकुटीला आली. व्हिज्युअल बेसिकमध्ये खिडक्या, बटणं भराभर उभी राहिली. तिचं ठरलं.

पुढच्या वर्षी त्याच कारखान्यात तिचा मालसाठ्याचा प्रोग्रॅम सुरू झाला. स्टोअर सांभाळणाऱ्या सीतालक्ष्मीने बटण दाबलं आणि शिल्लक माल समोर दिसला. "रोंब नल्ला इरुक्कु!" ती ओरडली, फारच छान झालंय म्हणून. राममूर्तींनी अलकनंदाला कामावर ठेवून घेतलं.

त्या संध्याकाळी तिने मार्गरेटबाईंना आभाराचं लिहिलं. आपल्याला बोलता येत नाही, हेही पहिल्यांदाच सांगितलं. तुम्ही विचारलंत म्हणून मला माझं काम सापडलं, असं लिहिताना तिचे डोळे भरून आले.

उत्तर आलं. सुरुवातीला मायेचे दोन शब्द होते आणि लगेच खाली प्रश्न: "माल संपत आला की तुमचा प्रोग्रॅम आधी सूचना देतो का?"

देत नव्हता. अलकनंदा हसली आणि सकाळी कारखान्यात जाऊन त्याच कामाला लागली.