गौरी उठेपर्यंतची मुदत

मखमलाबादच्या मळ्यातली छाया हट्टी होती, आणि तो हट्ट तिला पोटच्या पोरीनं लावला होता. उज्वला जन्मापासून मतिमंद. सात-आठ वर्षांची होईपर्यंत ब्रश तोंडात घातला की चावायची, अंगावर पाणी घेतलं की किंचाळून वस्ती गोळा करायची. ‘देवाची मर्जी’ म्हणून बाकीच्यांनी कधीच हात टेकले होते. छायानं रोज तीच जागा, तोच तांब्या, तोच क्रम धरला. आधी आपण करून दाखवायचं, मग तिच्याकडून करून घ्यायचं. दात घासायला सात महिने लागले, शी झाल्यावर स्वतः धुवायला दीड वर्ष. पण एकदा अंगवळणी पडलं की उज्वला चुकायची नाही. चुकायचे ते शहाणे.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये, बाराव्या वर्षी, तिला पाळी आली. आजीनं, म्हणजे झुंबरबाईंनी, रीतीप्रमाणे तिला ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसवलं. आपल्याला शिक्षा कसली झाली, हे त्या लेकराला कळेना. तिनं कापडाची घडी काढून फेकली आणि तशीच मेथीच्या वाफ्यांतून धावत सुटली. काढणीला आलेल्या बाया बघत राहिल्या. मे महिन्यात पुन्हा तेच.

छायाची नणंद भागीबाई म्हणाली, “पिशवीच काढून टाका तिची. कटकट नको अन् लाज नको.” छायाचा नवरा जीवन वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. एका खासगी दवाखान्यातून तो ऑपरेशनची तारीखच घेऊन आला. भाद्रपदात गौरी उठल्या की दुसऱ्या दिवशी.

छायाला ते पटेना. धडधाकट पोरीचं पोट फाडायचं, ते काय कापड बदलता येत नाही म्हणून?

“तवर मी शिकवते तिला,” ती म्हणाली. “नाय जमलं तर मीच घेऊन जाते दवाखान्यात.”

“तीन महिन्यांत?”

“तुम्ही तुमची तारीख धरा, मी माझं काम धरते.”

उज्वला गंगापूर रोडवरच्या विशेष शाळेत जायची. तिथल्या प्रतिभाताईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, “तिनं हे घरात कधी कुणाला करताना पाहिलंय?”

“नाय,” छाया म्हणाली. घरातल्या बायकांची कापडं गोठ्यामागं, जुन्या लुगड्याखाली, अंधारात वाळायची. पोरगी शिकते डोळ्यांनी, आणि नेमकी हीच गोष्ट सगळ्या घरानं तिच्या डोळ्यांआड ठेवलेली! इतकी वर्षं दाखवून शिकवणाऱ्या आईनंही या वेळी नुसतं सांगितलं होतं. तिला स्वतःचाच राग आला.

त्या महिन्यात छाया कोपऱ्यात बसली नाही. उज्वलाला न्हाणीत नेऊन तिनं आपलं कापड गार पाण्यात धुतलं, साबण लावून पिळलं आणि प्रतिभाताईंनी बजावल्याप्रमाणे कडक उन्हात, अंगणातल्या दोरीवर टाकलं. झुंबरबाईंनी घर डोक्यावर घेतलं.

“देवाधर्माचं घर बाटवलंस गं!”

“आत्याबाई, पोरीचं पोट कापलेलं देवाला चालतं, अन् कापड वाळवलेलं नाय चालत?”

झुंबरबाई आठवडाभर सुनेशी बोलल्या नाहीत. छायाला तेवढीच शांतता.

मग रोज दुपारच्या चहानंतर तालीम. घडीवर आळत्याचे थेंब टाकायचे. लाल दिसलं की काढ, नवी घे, जुनी धू, पीळ, वाळत टाक, हात साबणानं धू. महिनाभरात उज्वला बिनचूक झाली. छायानं मनातल्या मनात पेढेही वाटले.

जून कोरडाच गेला. जुलैत पाळी आली ती सकाळी नऊला. उज्वला भरल्या परकरानं दिवसभर ढिम्म बसून राहिली. दुपारचा चहा प्यायली, कप विसळला, आणि मग उठून सगळं अगदी शिस्तीत केलं.

“झालं ना समाधान?” जीवन म्हणाला.

छायाला रडू फुटलं. तिनं मनसोक्त रडून घेतलं आणि पदरानं तोंड पुसलं. “पोरगी नाय चुकली. चहाशी गाठ मीच मारून दिली, आता मीच सोडवते.”

दुसऱ्या दिवसापासून तालमीला वेळकाळ राहिला नाही. जेवताना, खेळताना, मेथीच्या जुड्या बांधताना. लाल दिसलं की उठायचं. उज्वला चिडायची, ओरबाडायची. छायाचे दंड ओरखड्यांनी भरले, पण एक दिवस तिनं चुकू दिला नाही.

गौरी जेवणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं, अंगणात पंगतीला मांडव घातला होता. भागीबाईनं येताच तारखेची आठवण करून दिली. ऐन पंगतीत उज्वला पुरणपोळी अर्धी टाकून उठली आणि न्हाणीकडं गेली. छाया तुपाचं भांडं घेऊन तशीच थबकली. मागं जावं? पण आई गेली तर पोरीनं केलं असं कोण म्हणेल? ती जागची हलली नाही.

बऱ्याच वेळानं उज्वला आली. अंगात कोरडा परकर, हातात पिळलेलं कापड. अंगणातल्या दोरीवर, साऱ्या पंगतीसमोर, तिनं ते झटकून टाकलं, साबणानं हात धुतले आणि येऊन उरलेली पोळी खायला लागली.

“अगं बया! गौरी घरात असताना?” भागीबाई किंचाळली.

झुंबरबाई तरातरा दोरीकडं निघाल्या. छाया आडवी जायला धावली. पण झुंबरबाईंनी कापड काढून फेकलं नाही. मांडवाच्या सावलीतून उचलून त्यांनी ते उन्हात सरकवलं आणि नीट पसरलं.

“सावलीत कसं वाळंल ते?” त्या भागीबाईला म्हणाल्या, आणि जीवनकडं वळल्या. “त्या डागदरला उद्या सांगून ये. आमची पोर येत नाय म्हणावं.”